घरचे रक्तदाबयंत्र खरे बोलते का?

गेल्या श्रावणात ७४ वर्षांच्या एक आजी सुनेचा हात धरून माझ्या दवाखान्यात आल्या. उजव्या भुवईवर चार टाके, डावा गुडघा सुजलेला. पहाटे लघवीसाठी उठल्या, मोरीच्या उंबऱ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळल्या. हाड मोडले नाही, हे सुदैव. दीड महिन्यापूर्वी त्यांना रक्तदाबाची दुसरी गोळी मीच सुरू केली होती.

ती सुरू करण्याचे कारण एक वही होती. पुण्याला नोकरी करणाऱ्या धाकट्या मुलाने आईसाठी रक्तदाब मोजण्याचे यंत्र पाठवले होते आणि थोरल्या सूनबाई रोज सकाळी मोजून आकडे सुवाच्य अक्षरात टिपून ठेवीत होत्या. १६८, १७२, १६४, १७०. दवाखान्यात मी मोजला तेव्हा वरचा आकडा १४६ भरला होता. घरी निवांतपणे मोजलेला रक्तदाब दवाखान्यातल्या एखाद्या नोंदीपेक्षा अधिक भरवशाचा असतो, असे मीच रुग्णांना सांगत आलो आहे. म्हणून वहीला प्रमाण मानले आणि गोळी लिहून दिली. खरे तर तेथेच शंका यायला हवी होती. दवाखान्यात माणूस थोडा धास्तावलेला असतो, त्यामुळे तेथील आकडा बहुधा जास्त आणि घरचा कमी येतो. येथे उलटे होते. काही रुग्णांत खरोखरच उलटे असते व त्यांच्याकडे दुर्लक्ष करून चालत नाही. परंतु तसे ठरवण्याआधी यंत्र तपासायचे असते. ते मी केले नाही.

पडल्यानंतर त्यांना यंत्रासह बोलावले. नवे कोरे, चांगल्या कंपनीचे यंत्र. सूनबाईंना म्हटले, घरी मोजता तसेच येथे मोजून दाखवा. त्यांनी पट्टा बांधला, तो जेमतेम पुरला. आजींनी हात मांडीवर ठेवला. दोन्ही दोष तेथेच दिसले. आजींच्या दंडाचा घेर ३९ सेंटीमीटर होता आणि यंत्रासोबत आलेला पट्टा २२ ते ३२ सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी होता. मोठा पट्टा बांधून, हात टेबलावर ठेवून त्याच यंत्राने मोजले तेव्हा आकडा आला १२४. उभे केल्यावर तीन मिनिटांत १०२. दोन गोळ्यांचा तो परिणाम होता, आणि त्यातली एक त्यांना नकोच होती.

यंत्र बिघडलेले नसतानाही आकडा खोटा येऊ शकतो, हे समजण्यासाठी ते काम कसे करते ते पाहावे लागेल. इटलीतील रिव्हा-रोची यांनी १८९६ साली दंडाला पट्टा बांधून पाऱ्याच्या नळीवर दाब मोजण्याचे साधन तयार केले. १९०५ साली कोरोटकॉफ या रशियन शल्यवैद्याने पट्ट्याखाली धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून येणारे आवाज ऐकण्याची पद्धत सांगितली. डॉक्टर आजही तेच आवाज ऐकतात. घरचे यंत्र मात्र काही ऐकत नाही. पट्ट्यातील हवा भरताना किंवा सोडताना नाडीच्या ठोक्यागणिक हवेत जी सूक्ष्म थरथर उमटते ती यंत्र टिपते. थरथर सर्वांत जोरात जेथे होते तो साधारण सरासरी दाब. वरचा आणि खालचा हे दोन्ही आकडे त्यावरून हिशेबाने काढले जातात, आणि तो हिशेब प्रत्येक कंपनीचा आपापला असतो व बहुधा गुप्तही असतो. म्हणून दोन कंपन्यांची दोन निर्दोष यंत्रे एकाच दंडावर वेगळे आकडे दाखवू शकतात. वयोमानाने धमन्या कडक झालेल्या किंवा नाडी अनियमित असलेल्या माणसाच्या बाबतीत हा हिशेब चुकण्याचा संभव वाढतो. तरुण मुलाच्या दंडावर यंत्र बरोबर आकडा देते, यावरून ते वडिलांच्या दंडावरही बरोबर असेलच असे म्हणता येत नाही. ‘मी माझ्यावर लावून पाहिले, यंत्र ठीक आहे’ हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो.

यंत्राच्या माहितीपुस्तिकेत ‘अचूकता ± ३ मि.मी.’ असे छापलेले असते. अनेकांचा समज असा की, आपल्या रक्तदाबाच्या आकड्यात जास्तीत जास्त ३ चा फरक पडेल. तसे नाही. ही हमी पट्ट्यातील हवेचा दाब मोजण्यापुरती असते. त्या हवेवरून आपल्या धमनीतील दाबाचा जो हिशेब केला जातो, त्याच्या अचूकतेशी तिचा संबंध नाही.

त्या हिशेबाची परीक्षा वेगळी असते. आंतरराष्ट्रीय निकषांनुसार यंत्राच्या मॉडेलची किमान ८५ व्यक्तींवर, प्रशिक्षित निरीक्षकांच्या मोजणीशी ताडून चाचणी होते. सरासरी फरक ५ मि.मी.पेक्षा जास्त नसावा व फरकांचे प्रमाण विचलन ८ च्या आत असावे, अशी अट असते. अशा उत्तीर्ण मॉडेलांची यादी ‘स्ट्राइड बीपी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. यंत्राच्या पाठीवर मॉडेल क्रमांक असतो. नातवंडांना तो शोधून पाहायला सांगावे. नवीन यंत्र घ्यायचे असेल तर दुकानात जाण्यापूर्वीच यादी पाहावी, आणि मनगटावरचे न घेता दंडावरचे घ्यावे. बोटावर किंवा कॅमेऱ्यावर रक्तदाब दाखवणाऱ्या मोबाइलच्या ॲपवर औषध ठरवू नये. मात्र यादीत नाव असले तरी काम संपत नाही. मॉडेल उत्तीर्ण झाले ते अनेकांच्या सरासरीने. त्या ८५ जणांतही काहींच्या बाबतीत फरक १० च्या वर गेलेला असू शकतो. आपण त्या काहींपैकी आहोत की नाही, हे आपल्याच दंडावर पाहावे लागते.

त्याआधी पट्टा. शिवणाची टेप घ्यावी. खांद्याचे हाड आणि कोपराचे टोक यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजावा आणि पट्ट्यावर छापलेल्या मर्यादेशी जुळवावा. पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो, मोठा असेल तर खोटा घटतो. अमेरिकेतील एका अभ्यासात (२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या) ज्यांना मोठ्या पट्ट्याची गरज होती त्यांना नेहमीचा पट्टा बांधला, तेव्हा वरचा आकडा सरासरी ५ मि.मी.ने वाढला, ज्यांना त्याहूनही मोठा पट्टा हवा होता त्यांच्यात तो जवळजवळ २० ने वाढला. जो पट्टा बदलून घ्याल तो त्याच कंपनीचा व त्याच यंत्रासाठी असलेला घ्यावा. बाजारात मिळणारा कोणताही पट्टा जोडला तर यंत्राचा हिशेब पुन्हा बिघडतो. आजींच्या घरी मोठ्या पट्ट्याला जवळजवळ निम्म्या यंत्राइतके पैसे पडले. ते खटकले खरे, पण टाके घालण्याचा खर्च त्याहून अधिक झाला होता.

हाताची जागा हा दुसरा भाग. पट्टा हृदयाच्या पातळीत असावा लागतो. तो १० सेंटीमीटर खाली गेला की आकडा साधारण ७ ते ८ ने वाढतो. हे शुद्ध पदार्थविज्ञान आहे, त्यात यंत्राचा दोष नाही. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हात मांडीवर ठेवल्याने वरचा आकडा सरासरी ४ ने आणि हात बाजूला लोंबता ठेवल्याने ६ ते ७ ने वाढलेला आढळला. आपल्याकडे पलंगावर बसून किंवा बुटक्या तिवईवर यंत्र ठेवून मोजण्याची पद्धत आहे, तेथे हेच होते. पाठीला आधार असलेल्या खुर्चीवर बसावे, पाय जमिनीवर टेकलेले, एकमेकांवर न घातलेले. हात जेवणाच्या टेबलावर. कमी पडल्यास खाली उशी. आधी लघवीला जाऊन यावे. अर्धा तास चहा, तंबाखू वर्ज्य. पाच मिनिटे स्वस्थ बसावे आणि मोजताना बोलू नये. आपले वृद्ध हे सारे पाळतात, फक्त शेवटचे सोडून. पट्टा फुगू लागला की त्यांना हटकून काहीतरी आठवते.

आता यंत्राची प्रत्यक्ष तपासणी. वर्षातून एकदा यंत्र आपल्या डॉक्टरांकडे न्यावे आणि दोन्ही यंत्रांनी एकाच बैठकीत मोजून घ्यावे. एकदा यावर, एकदा त्यावर मोजून चालत नाही, कारण रक्तदाब मिनिटागणिक बदलत असतो. लागोपाठच्या दोन नोंदींत ५ ते १० चा फरक ही यंत्राची चूक नव्हे. यावर उपाय म्हणून अमेरिकन मेडिकल असोसिएशनने सुचवलेली एक साधी रीत मी वापरतो. पाच मिनिटांच्या विश्रांतीनंतर एकाच दंडावर, मध्ये अर्धा ते एक मिनिट सोडून, पाच वेळा मोजायचे. पहिली दोन मोजणी घरच्या यंत्राने, तिसरी डॉक्टरांच्या, चौथी पुन्हा घरच्या, पाचवी पुन्हा डॉक्टरांच्या. पहिली नोंद बहुधा चढी असते, ती सोडून द्यायची. मग घरच्या यंत्राच्या दुसऱ्या व चौथ्या नोंदीची सरासरी डॉक्टरांच्या तिसऱ्या नोंदीशी ताडायची. समजा घरच्या यंत्रावर १५२, १४६, डॉक्टरांच्या यंत्रावर १४१, मग घरच्यावर १४४ आणि शेवटी डॉक्टरांच्यावर १४० असे आकडे आले. १४६ व १४४ यांची सरासरी १४५. ती १४१ पासून ४ ने दूर आहे. वरच्या आकड्यात ५ पर्यंतचा फरक असेल तर यंत्र खुशाल वापरावे. फरक ६ ते १० असेल तर डॉक्टरांच्या तिसऱ्या व पाचव्या नोंदीची सरासरी घरच्या चौथ्या नोंदीशी ताडावी. तेथे फरक १० च्या आत राहिला तर यंत्र चालेल. १० च्या वर गेला तर ते यंत्र निदान या माणसासाठी तरी बाजूला ठेवावे. दहा मिनिटांचे काम आहे. डॉक्टरांच्या गर्दीच्या वेळी न जाता आधी सांगून जावे, कोणीही नाही म्हणणार नाही.

आणि डॉक्टरांचे यंत्र? हा प्रश्न मला एका निवृत्त शिक्षकांनी विचारला होता, आणि तो वाजवी होता. पारा आरोग्याला व पर्यावरणाला घातक असल्याने जगभर पाऱ्याची यंत्रे मागे पडली. त्यांची जागा घेतलेली घड्याळासारखी काट्याची यंत्रे नाजूक असतात. पडली, आपटली की चुकतात, आणि काटा शून्यावर उभा असला म्हणजे वरचे आकडेही बरोबर असतात असे नाही. शिक्षकांच्या प्रश्नानंतर मी माझे यंत्र एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या जुन्या पाऱ्याच्या यंत्राला एकाच नळीने जोडून पाहिले. १५० च्या पातळीला माझा काटा ८ ने कमी दाखवीत होता. तो किती महिने तसे दाखवीत होता, कोण जाणे. तेव्हापासून मी दर सहा महिन्यांनी ते तपासून घेतो. आपण आपल्या डॉक्टरांना ‘तुमचे यंत्र शेवटचे कधी तपासले?’ असे विचारले तर त्यात अपमान मुळीच नाही.

ज्यांची नाडी अनियमित आहे त्यांच्यासाठी ही सारी रीत अपुरी पडते. मोजताना पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर ती वहीत लिहावी आणि डॉक्टरांना दाखवून ई.सी.जी. काढून घ्यावा. अशा रुग्णांत एका नोंदीवर विसंबू नये. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी आणि अधूनमधून डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपने खात्री करून घ्यावी. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजावे. सातत्याने १० पेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टरांना सांगावे व पुढे जास्त आकडा देणाऱ्या दंडावरच मोजावे. नाहीतर दंड बदलला आणि दोष यंत्राच्या माथी, असे होते.

वर्षाच्या आतही यंत्र तपासावे लागते : ते हातातून पडले तर, पट्टा बदलला तर, नळीला चीर दिसली किंवा हवा भरताना सूं असा आवाज येऊ लागला तर. सेल उतरले की काही यंत्रे अर्ध्यात थांबतात. महिनोन्महिने न वापरलेल्या यंत्रात सेल पाझरून हिरवट चिकटा झालेला मी अनेकदा पाहिला आहे. वापरायचे नसेल तेव्हा सेल काढून ठेवावेत.

तपासलेल्या यंत्रावरही एका आकड्याला महत्त्व नसते. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वीचे सात दिवस सकाळी (गोळी घेण्याआधी) व संध्याकाळी, दर खेपेस मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. पहिला दिवस वगळून बाकीच्यांची सरासरी काढावी. घरी ही सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर तो वाढलेला रक्तदाब समजतात. ज्येष्ठांनी आठवड्यातून एकदा उभे राहूनही, एका व तीन मिनिटांनी मोजावे. बसलेल्या आकड्यापेक्षा वरचा आकडा २० किंवा अधिक घसरत असेल तर डॉक्टरांना त्वरित कळवावे. मात्र आकडा पाहून कोणतीही गोळी आपणहून वाढवू नये वा थांबवू नये. छातीत दुखणे, धाप, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काही असेल तर यंत्र शोधत बसू नये, थेट रुग्णालयात जावे.

आजींची दुसरी गोळी मी बंद केली. महिन्याभराच्या नोंदींत सरासरी १३४ आली, उभ्याने १२६. सूनबाईंनी नवी वही घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर दंडाचा घेर, पट्ट्याचे माप, यंत्राचा मॉडेल क्रमांक आणि दवाखान्यात ताडून पाहिल्याची तारीख लिहिली आहे. मोजताना आजी अजूनही बोलतात.