ताईची फाईल

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या! माझी मावसबहीण अप्लाइड आर्टला आहे. आपण इंजिनिअरिंगवाले एका पानाचा रेझ्युमे घेऊन फिरतो. तिच्या क्षेत्रात मार्कांआधी पोर्टफोलिओ, म्हणजे निवडक कामांची फाईल बघतात. पहिल्या इंटरव्ह्यूला ताईने त्यात चाळीस कामं कोंबली होती. समोरच्यांनी एका लोगोवर बोट ठेवलं, "हा असाच का?" ताई गप्प. कच्ची स्केचेस तर तिने केव्हाच रद्दीत घातलेली! नोकरी काही मिळाली नाही.

चित्रामागचा विचार सांगता यायला हवा. २०१० साली निवडलेलं आपलं ₹ हे चिन्हच बघा. डी. उदय कुमार यांनी त्यात देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकत्र आणले. वरच्या दोन आडव्या रेघा तिरंग्याची आठवण देतात.

आता ताईच्या फाईलमध्ये फक्त बारा कामं आहेत. प्रत्येकासोबत ग्राहकाची मागणी, रफ स्केचेस, बाद केलेले पर्याय. ग्रुपमधल्या कामात स्वतःचा वाटा किती, तेही लिहिते. (आपल्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये लिहितं का कुणी? असो.) स्क्रीनवरचे रंग छपाईत तसेच उतरत नाहीत, म्हणून प्रिंटही सोबत नेते.

परवा मी तिला आपल्या गॅदरिंगचं पोस्टर मागितलं, तर म्हणाली, "आधी सांग, ते कुठे लागणार आणि कोण वाचणार?"