कमी पळालेल्या डिझेलचा मोह

‘सिंगल ओनर, फक्त चाळीस हजार पळालेली’ ही ओळ जुन्या डिझेल सेडानच्या जाहिरातीत दिसली की गिऱ्हाईक हरखतं. गाडी दहा वर्षांची असेल, तर खरं म्हणजे याच ओळीवर थांबून हिशोब करायला हवा. दहा वर्षांत चाळीस हजार म्हणजे महिन्याला जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. नोकरी मुंबईत, जाणं-येणं हार्बर लोकलने आणि गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, असं पनवेल, कामोठे, खांदा कॉलनीतल्या कितीतरी घरांचं चित्र आहे. तिथे गाडी निघते ती स्टेशनपर्यंत, बाजारापर्यंत किंवा मुलांच्या क्लासपर्यंत. डिझेल इंजिनाला हाच वापर सगळ्यात जास्त बाधतो. इंजिन पुरतं गरम व्हायच्या आत बंद होतं, जळण अर्धवट राहतं आणि काजळी धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हमध्ये, इनटेकमध्ये, टर्बोच्या पात्यांवर बसत जाते. उभ्या गाडीचे रबरी पाइप, टायर आणि बॅटरी वयाने म्हातारे होतात. व्हेंटो आणि रॅपिडच्या डिझेल इंजिनात टायमिंग बेल्ट आहे. तो बेल्टही किलोमीटरइतकाच वर्षांनी जुना होतो आणि तुटला तर इंजिनच खोलावं लागतं.

याउलट कळंबोलीहून द्रुतगती मार्गाला लागून आठवड्यातून चार वेळा पुणे-चाकण गाठणारी गाडी दीड लाख किलोमीटर सहज ओलांडते, पण तिचं इंजिन बराच वेळ योग्य तापमानात, वरच्या गिअरमध्ये, एका लयीत चाललेलं असतं. क्लच, ब्रेक, गिअरबॉक्स यांची झीज थांबण्या-निघण्याच्या संख्येवर ठरते, आणि ती संख्या महामार्गावर कमी असते. मारुतीची डिझायर, टाटाची मान्झा आणि झेस्ट, फियाटची लिनिया या वेगवेगळ्या कंपन्यांच्या सेडानमध्ये फियाटच्या एकाच घराण्याचं १२४८ सीसीचं डिझेल इंजिन होतं. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार होत असे. त्यात टायमिंग चेन आहे, सुटे भाग मुबलक मिळतात आणि टूर्सवाल्यांनी त्यावर दोन-तीन लाख किलोमीटर मारल्याची उदाहरणं कुठल्याही टॅक्सी स्टँडवर सापडतील. अर्थात टूर्सची गाडी डोळे झाकून घ्या असं मी म्हणत नाही. टॅक्सी पासिंगची गाडी पुढे खासगी करून घेतलेली असेल, तर तो इतिहास विचारून, तपासून मगच भाव बोलावा.

यावर रास्त आक्षेप असा की मीटर मागे फिरवता येतं, मग आकड्यावर विसंबायचं कसं? विसंबूच नये. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या नोंदी असतात. मालकाला सोबत घेऊन त्या काढाव्यात आणि तारखांसमोरचे किलोमीटर जुळवून पाहावेत. एक लाख सत्तर हजारांचा सलग पुरावा हा पुरावा नसलेल्या चाळीस हजारांपेक्षा चांगला. गाडी बघायला जाण्याआधी मालकाला ती सुरू करू नका असं सांगावं, कारण थंड इंजिन कसं सुरू होतं यातच निम्मी परीक्षा असते. सततचा निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. जोर दिल्यावर काळ्या धुराचे लोट निघत असतील तर इंजेक्टर, टर्बो किंवा ईजीआरकडे पाहावं. ऑइल काळं दिसलं म्हणून मात्र घाबरू नये. डिझेल गाडीत नवं ऑइलही थोड्याच दिवसांत काळं होतं, तो बिघाड नव्हे.

दुसरा पक्का समज म्हणजे डिझेल घेतलं की पैसे वाचतातच. दोन इंधनांच्या दरातली मोठी दरी ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाल्यावर आटली. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ रुपये लिटर, अ‍ॅव्हरेज अनुक्रमे १५ आणि २० धरलं, तर किलोमीटरमागे सुमारे २ रुपये ४० पैसे वाचतात. महिन्याला दीड हजार किलोमीटर असतील तर साडेतीन हजारांहून थोडे जास्त. चारशेच किलोमीटर असतील तर हजारसुद्धा नाहीत, आणि इंजेक्टरचं एक काम निघालं की वर्षाची बचत त्यात जाते. ज्याचं रोजचं अंतर पनवेलच्या हद्दीतच संपतं, त्याने सीएनजी घ्यावी. डिकी जाते, पण हिशोब बसतो.

तिसरी भीती दहा वर्षांच्या मर्यादेची. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांबाबतचा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा ऑक्टोबर २०१८ चा आदेश दिल्ली व राजधानी परिसरापुरते आहेत. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी करून, पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. पण उद्या इथेही बंदी आली तर? ही शंका हवेतली नाही. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या निर्देशांनंतर राज्य सरकारने मुंबई महानगर प्रदेशात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, याच्या अभ्यासासाठी समिती नेमली, आणि पनवेल त्याच प्रदेशात येतं. म्हणूनच जुन्या डिझेलमध्ये तीन-चार वर्षांत वसूल होईल एवढाच पैसा घालावा. दोन-तीन लाखांच्या गाडीला हा धोका पेलतो, आठ लाखांच्या गाडीला पेलत नाही. दिल्लीहून ‘निम्म्या भावात’ येणाऱ्या गाड्यांचा मोहही इथेच तपासावा. एनओसी, महाराष्ट्राचा एकरकमी कर, पुन्हा नोंदणी आणि एजंट एवढं मिळवलं की निम्मा भाव निम्मा राहत नाही.

नवी म्हणजे चांगली, म्हणून एप्रिल २०२० नंतरची बीएस-६ डिझेल शोधणारेही आहेत. मारुतीने तेव्हाच डिझेल सोडलं, त्यामुळे पर्याय थोडे उरतात, आणि त्यांत काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. तो साफ व्हायला काही वेळ सलग वेगात चालणं लागतं. फक्त गावात फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि बदलायचा खर्च जबर असतो. बीएस-४ काळातल्या आपल्याकडच्या बहुतेक छोट्या डिझेल सेडानमध्ये ही भानगडच नाही.

कागदांचं थोडक्यात. २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या झाल्या म्हणजे गाडी नावावर झाली, असं नसतं. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर तो आधी उतरवून घ्यावा, ई-चलानांची थकबाकी पाहावी. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचं नाव तोच मालक. म्हणजे नाव बदलण्याची घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. विमाही लगेच आपल्या नावावर करावा, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्यासोबत जातो, त्यामुळे हप्ता जाहिरातीत सांगितल्यापेक्षा जास्त येणार, हे भाव ठरवतानाच धरून चालावं.