टेम्पोचे ब्रेक स्वतः बदलताना: गैरसमज आणि वस्तुस्थिती

पुरंदरची अंजिरं आणि सीताफळं दिवे घाट उतरून, तर साताऱ्याकडचा भाजीपाला खंबाटकी ओलांडून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो. हा माल वाहणाऱ्या छोट्या टेम्पोंचे कित्येक चालक ब्रेकचं काम स्वतःच करतात. हे काम शिकून नीट जमतं. घात होतो तो काही पक्क्या बसलेल्या समजुतींमुळे.

गैरसमज : ज्या चाकातून आवाज येतो, त्याचाच लायनर बदलायचा.
वस्तुस्थिती : एका अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे लायनर किंवा पॅड एकाच वेळी बदलावेत. नाहीतर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढते. जुना लायनर तेलकट दिसला, तर व्हील सिलिंडर किंवा हबचं ऑइल सील गळतंय. ती गळती थांबवली नाही, तर नवा लायनरही भिजणार. ड्रम किती झिजेपर्यंत वापरायचा, त्याचं माप बहुतेक ड्रमवर कोरलेलं असतं, तेही तपासावं.

गैरसमज : गाडी जॅकवर चढवली की चाक काढायला हरकत नाही.
वस्तुस्थिती : जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. काम सपाट जागेवरच करावं, जमिनीवरच्या चाकांना ठोकळे लावावेत आणि गाडी भक्कम स्टँडवर टेकवावी. ड्रममधली धूळ हवेने उडवू नये; जुन्या लायनरमध्ये कर्करोगाला कारण ठरणारं अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसावी.

गैरसमज : ब्रेक ऑइल गळत नाही, म्हणजे बदलायला नको.
वस्तुस्थिती : हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. पाणी मुरलेल्या ऑइलसाठी तीच मर्यादा १५५ अंशांवर येते. घाटात ब्रेक तापले की असं ऑइल उकळतं, नळीत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. झाकणावर लिहिलेल्या प्रतीचंच ऑइल ठरल्या मुदतीत बदलावं. इंजिन ऑइल तर चुकूनही ओतू नये. त्याने रबरी सील फुगतात. नळी उघडली असेल, तर एअर काढल्याशिवाय गाडी हलवू नये.

गैरसमज : रिकाम्या गाडीला ब्रेक लागला, म्हणजे काम चोख झालं.
वस्तुस्थिती : वजन दुप्पट झालं की थांबवायची ऊर्जाही दुप्पट होते. वेग ४० वरून ६० किलोमीटरवर गेला, तर ती सव्वादोन पट होते. नवे लायनर ड्रमला बसेपर्यंत वेग आणि माल दोन्ही कमी ठेवावेत.

गैरसमज : उतारावर इंजिन बंद करून न्यूट्रलमध्ये सोडलं की डिझेल वाचतं.
वस्तुस्थिती : आधुनिक इंजिन गिअरमध्ये उतरताना, अ‍ॅक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ घेतच नाही. इंजिन बंद केल्यावर मात्र ब्रेक बूस्टरची मदत संपते, पेडल कडक होतं आणि सगळा भार लायनरवर येतो. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर अवजड वाहनांचे भीषण अपघात पुण्याने पाहिले आहेत.

लायनर-पॅड बदलणं घरी जमेल. पण पेडल मऊ लागत असेल, गळती सापडत नसेल किंवा एअर निघत नसेल, तर माल भरण्याआधी गाडी जाणत्या मेकॅनिकला दाखवा. एक खेप चुकली तरी चालेल.