रिकाम्या फ्लॅटचा वास

विकायला काढलेला फ्लॅट पुष्कळदा कुलूपबंदच असतो. मालक भिंतींना नवा रंग देतो, तरी दार उघडताच गिऱ्हाईक नाक मुरडतं. मूळ बहुधा बाथरूमच्या जाळीखाली असतं.

तिथे असतो नहाणी ट्रॅप. त्यात साधारण ५० मिलिमीटर उंचीचं पाणी साचून राहतं आणि ड्रेनेजच्या पाइपातली हवा घरात येऊ देत नाही. रोज आंघोळी होतात तोवर हे पाणी आपोआप बदलत राहतं. घर बंद झालं की ते हळूहळू उडून जातं, उन्हाळ्यात तर लवकरच. मग वाट मोकळी! सडक्या अंड्यासारखा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. हवेच्या दहा लाख भागांत याचा एक भागही नसला, तरी आपलं नाक तो ओळखतं.

उपाय फुकटचा आहे. आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत आणि बेसिनमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी ओतायचं, कमोड फ्लश करायचा. परगावी राहणाऱ्यांनी जाळीत पाण्यावर थोडं तेल सोडावं. तेलाच्या थराखालचं पाणी सहज उडत नाही.

रूम फ्रेशनरवर माझा विश्वास नाही. त्याने गिऱ्हाइकाचा संशय वाढतो. शिवाय आपलं नाक काही मिनिटांतच वासाला सरावतं, त्यामुळे मालकाचं मत इथे कुचकामी. एखाद्या स्पष्टवक्त्या शेजाऱ्याला आत बोलवा. एजंटला नको, त्याला सौदा उरकायचा असतो.

आणि हो, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर रंग मारू नका. आतलं पाणी क्षार घेऊन बाहेर येतं आणि पोपडे सुटतात.