सुरकुती आणि खोगीर

लल्लाची चूक भास्कराचार्यांनी कापड घालून दाखवली. लल्ल हा आठव्या शतकाच्या आसपासचा नावाजलेला ज्योतिषी. गोलाचे पृष्ठफळ काढायचे त्याचे सूत्र असे होते: गोल मधोमध चिरल्यावर जे वर्तुळ दिसते, त्याच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायचे. दहा अंगुळे त्रिज्येचा चेंडू घ्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ होते सुमारे ३१४, परीघ सुमारे ६३, आणि गुणाकार जातो वीस हजारांच्या घरात. खरे उत्तर आहे १२५७. शिवाय अंगुळाऐवजी हाताने मोजले की लल्लाचे गुणोत्तरच बदलते. चेंडू तोच आणि कापडही तेच असताना असे होत असेल, तर सूत्रातच पाणी मुरते आहे हे उघड आहे.

भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ.स. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी ‘सिद्धांतशिरोमणी’ पुरा केला. त्यातल्या गोलाध्यायात ते लल्लाला धरतात. त्यांच्या युक्तिवादाचा आशय असा: गोलाच्या अर्ध्या परिघाइतका व्यास असलेले वाटोळे कापड कापा आणि गोलावर घाला. अर्धा गोल पुरता झाकला जातो, वर थोडे कापड उरतेही. आता हे कापड मधल्या वर्तुळाच्या साधारण अडीचपट. म्हणजे अर्ध्या गोलाचे पृष्ठ अडीचपटीहून कमी आणि सबंध गोलाचे पाचपटीहून कमी. आपल्या दहा अंगुळांच्या चेंडूला लल्ल त्रेसष्ट पट कापड मागतो. एवढ्या कापडात चेंडू गुंडाळायचा कशाला, त्याचा तंबूच होईल.

हा युक्तिवाद मला त्यांच्या अचूक सूत्राहूनही आवडतो. अचूक उत्तर चौपट आहे. तेही त्यांनी स्वतःच्याच टीकेत, वासनाभाष्यात, पटवून दिले आहे. मातीचा किंवा लाकडाचा गोल करायचा, त्यावर वरून खालपर्यंत रेषा ओढायच्या, आवळ्यावर जशा फाका दिसतात तशा, आणि एका फाकेचे क्षेत्रफळ ‘ज्या’च्या, म्हणजे आजच्या साइनच्या, कोष्टकावरून जोडत जायचे. सगळ्या फाका मिळून उत्तर येते परीघ गुणिले व्यास, म्हणजेच वर्तुळाची चौपट. आर्किमिडीजने हेच उत्तर इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात काढले होते, त्यामुळे पहिलेपणाचा झेंडा फडकवायची गरज नाही. पण वाकड्या पृष्ठाला हात घालायची ही रीत, म्हणजे त्याचे बारीक तुकडे करा, प्रत्येक तुकडा सपाट धरा आणि बेरीज करा, पुढे सहाशे वर्षांनी युरोपात ज्या गणिताने पृष्ठांचा अभ्यास सुरू केला, त्याचीही हीच रीत आहे.

खानदेशाचा या प्रकरणाशी संबंध दगडावर कोरलेला आहे. चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या कुशीत, पाटणादेवीच्या परिसरात एक शिलालेख सापडला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाच्या पदरी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने इथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने शके ११२८, म्हणजे इ.स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेला, चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला दान दिले. ग्रहणाचे गणित शिकवणाऱ्या मठाला ग्रहणाच्या दिवशीच देणगी! लेखात त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ संस्कृतात आहे. मठाला गावाने काय काय द्यायचे तो भाग मात्र त्या वेळच्या मराठीत आहे. भास्कराचार्यांच्या जन्मगावावरून विद्वानांची जुनी भांडणे आहेत, त्यात मला पडायचे नाही. जन्म कुठेही होवो, गोलाध्यायाचे पाठ कुठे चालावेत अशी त्यांच्या नातवाची इच्छा होती, ते पाटणादेवीच्या दगडावर लिहिलेले आहे. गणिताच्या वादात कापडाचा पुरावा आणणारा आचार्य कपाशीच्या मुलखाला आपलाच वाटला, तर त्यात नवल नाही.

आता त्या उरलेल्या कापडाकडे वळू. गोलावर सपाट कापड घातले की काठाला सुरकुत्या पडतात. कापड जास्त होते म्हणून. पृष्ठ सगळ्या बाजूंनी एकाच दिशेला वाकलेले असले की हे होणारच. थाळनेरच्या फारुकी थडग्यांवरच्या घुमटांना कापड लावा, तिथेही सुरकुती पडेल. याच्या उलट पृष्ठही असते. घोड्याचे खोगीर लांबीच्या दिशेने दोन्ही टोकांना वर उचललेले आणि रुंदीच्या दिशेने दोन्हीकडे खाली उतरलेले असते. त्याच्यावर वाटोळे कापड घाला, काठाला कापड कमी पडेल. जोर केलात तर फाटेल. सुरकुती पडणारी पृष्ठे आणि कापड तुटणारी पृष्ठे, असे हे दोन वंश आहेत. खानदेशातल्या मठाने पहिला वंश शिकवला. हा लेख दुसऱ्या वंशातल्या एका घराण्याविषयी आहे, ज्याला गणितात ‘मिनिमल सरफेस’ म्हणतात. आपण लघुतम पृष्ठ म्हणू.

त्याची ओळख करून घ्यायला दोन बांगड्या पुरतात. दोन-सहा मापाच्या घ्या, आतला व्यास सुमारे सहा सेंटीमीटर. साबणाच्या पाण्यात थोडे ग्लिसरीन घाला. प्रयोग मे महिन्यात करू नका, जळगावच्या त्या हवेत साबणाचा पडदा बघता बघता सुकतो. दिवाळीच्या सुटीत करा. दोन्ही बांगड्या एकमेकींना चिकटवून बुडवा, बाहेर काढा आणि सावकाश दूर न्या. मधोमध एक आडवा पडदा तयार झालेला असेल, तो कोरड्या बोटाने फोडा. उरते ती मध्ये निमुळती झालेली, दोन्ही टोकांना फाकलेली नळी. हा कॅटेनॉइड. ऑयलरने १७४४ मध्ये गणिताने शोधलेले पृष्ठ.

नळी सरळ का नाही? कारण पडद्याला ताण असतो आणि तो आपले क्षेत्रफळ होईल तितके आवरून घेतो. दोन्ही बाजूंना हवेचा दाब सारखाच, त्यामुळे कोणत्याही बिंदूवर एका दिशेचे वाकणे आणि तिच्याशी काटकोनातल्या दिशेचे उलटे वाकणे तंतोतंत फिटले पाहिजे. कंबरेभोवती पडदा आत वळतो, लांबीच्या दिशेने बाहेर वळतो, बेरीज शून्य. हीच लघुतम पृष्ठाची अट: सरासरी वक्रता सगळीकडे शून्य. साबणाचा फुगा मात्र या घराण्यातला नाही. त्याच्या आत कोंडलेली हवा दाबते म्हणून तो सगळीकडे बाहेरच फुगतो. तो भास्कराचार्यांच्या बाजूचा.

बांगड्या आणखी दूर न्या. अंतर चार सेंटीमीटरच्या जवळ आले की नळी एकाएकी तुटते आणि प्रत्येक बांगडीवर एकेक सपाट चकती उरते. त्रिज्येच्या १.३२५ पट अंतराच्या पुढे कॅटेनॉइड असूच शकत नाही, हे गणिताने आधीच सांगून ठेवलेले आहे. पण खरी गंमत त्याच्या अलीकडे आहे. साधारण ३.२ सेंटीमीटरच्या पुढे गेल्यावर दोन चकत्यांचे मिळून क्षेत्रफळ नळीहून कमी भरते. तरी नळी टिकून राहते, चारपर्यंत. कारण चकत्यांपर्यंत जायची वाट आधी जास्त क्षेत्रफळातून जाते, आणि पडद्याला लांबचे दिसत नाही. आपल्या शेजारच्या सगळ्या आकारांपेक्षा तो लहान असला की त्याचे भागते. लघुतम पृष्ठे सर्वांत लहान असतात असे जे लोकप्रिय लेखांत सर्रास लिहिले जाते, ते म्हणून निम्मेच खरे. काही तर शेजाऱ्यांतही लहान नसतात, नुसती तोल सांभाळून असतात.

या पृष्ठांचे समीकरण लाग्रांजने १७६० च्या सुमारास मांडले. १७७६ मध्ये म्यूनिएने त्याचा वक्रतेशी संबंध लावला आणि दुसरे उदाहरण दिले, हेलिकॉइड: गोल जिन्याच्या पायऱ्या काढून टाकून नुसता सलग उतार ठेवला तर उरेल ते पृष्ठ. आणि इथे कापड पुन्हा येते. कॅटेनॉइडच्या नळीला वरपासून खालपर्यंत एक चीर दिली, तर ती कुठेही न ताणता, न चुरगळता पिळून हेलिकॉइडचा तुकडा करता येतो, आणि पिळतानाचा मधला प्रत्येक आकारही लघुतमच असतो. दोन पृष्ठे इतकी वेगळी दिसावीत आणि कापड एकच निघावे, याचे मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटते.

त्यानंतर जवळजवळ साठ वर्षे नवे उदाहरण सापडले नाही. मग शेर्क, एन्नेपर, रीमान, श्वार्झ आले, ती यादी इथे देत बसत नाही. थांबावेसे वाटते ते बेल्जियमच्या जोसेफ प्लाटोपाशी. चाळिशीच्या आतबाहेर या माणसाची दृष्टी पूर्ण गेली. तारांचे सांगाडे साबणात बुडवून दिसते ते घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी सांगायचे आणि याने नियम काढायचे, असे काम वर्षानुवर्षे चालले. १८७३ मध्ये त्याचा ग्रंथ आला. तीन पडदे नेहमी १२० अंशांनीच भेटतात, हा त्यातलाच एक नियम. तारेचे कोणतेही बंद कडे घेतले तर त्यावर लघुतम पडदा बसतोच का? साबण होय म्हणतो, पण सिद्धता १९३० च्या आसपास जेसी डग्लस आणि टिबोर राडो यांनी स्वतंत्रपणे दिली. १९३६ च्या पहिल्या फील्ड्स पदकांपैकी एक डग्लसला मिळाले.

कलेत ही पृष्ठे दोन वाटांनी आली. एक वाट नमुन्यांची. मॅन रेने १९३० च्या दशकात पॅरिसच्या आंरी प्वाँकारे संस्थेत ठेवलेल्या गणिती प्रतिकृतींची छायाचित्रे घेतली. ब्राझीलच्या सेल्सो कोस्टाने १९८२ मध्ये प्रबंधात एक पृष्ठ मांडले. ते स्वतःला कुठे छेदते का हे कळेना. डेव्हिड हॉफमन आणि विल्यम मीक्स यांनी जेम्स हॉफमनच्या मदतीने ते संगणकाच्या पडद्यावर काढून पाहिले, चित्रातली सममिती ओळखली आणि तिच्या आधाराने छेदत नाही हे सिद्ध केले. चित्र पाहून सिद्धता सुचली! पुढे हेलमन फर्ग्युसनने त्याची शिल्पे केली. १९९९ मध्ये कोलोरॅडोत गणितज्ञांच्या चमूबरोबर ते बर्फातही कोरले.

दुसरी वाट ताणलेल्या कापडाची, आणि ती मला जास्त प्रामाणिक वाटते, कारण तिथे आकार कलावंत ठरवत नाही. तो फक्त काठ ठरवतो. जर्मन वास्तुकार फ्राय ओटो साबणाचे पडदे करून, त्यांची मोजमापे घेऊन छपरे आखत असे. म्युनिकच्या १९७२ च्या ऑलिंपिक मैदानाचे छप्पर त्याच विचारातून उभे राहिले. मुंबईत जन्मलेल्या अनिश कपूरने २००२ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये ‘मार्सियस’ उभारले: पोलादाची तीन कडी आणि त्यांच्यामध्ये ताणलेला लाल पीव्हीसीचा एकच पडदा, सुमारे दीडशे मीटर लांब. बांगड्यांचा प्रयोगच, पण माणूस मुंगी वाटावा एवढा. अर्थात विणलेल्या कापडात उभ्या-आडव्या धाग्यांचा ताण साबणासारखा सारखा नसतो, म्हणून ही पृष्ठे लघुतमच्या जवळची म्हणावीत, तंतोतंत नव्हेत.

आपल्याकडे हा मुद्दा मांडववाल्यांना ठाऊक असतो. ताडपत्री सपाट बांधली की पावसाचे पाणी पोटात साठते आणि बांबूने ढोसून ते उडवावे लागते. समोरासमोरचे दोन कोपरे वर आणि दोन खाली ओढून बांधली की पाणीही थांबत नाही आणि वाराही तिला फडफडवत नाही. एका दिशेचा ताण उचलतो, दुसऱ्या दिशेचा दाबतो. हल्ली पेट्रोलपंपांवर आणि कॉलेजांच्या आवारात चार खांबांवर ताणलेली जी पांढरी छपरे दिसतात, ती याच घराण्यातली. पारा ४५ च्या वर जाणाऱ्या मुलखात कमीत कमी कापडात सावली मिळणे ही काही किरकोळ गोष्ट नाही. फक्त त्यांच्या खांबांची उंची अनेकदा पुरेशी वेगळी ठेवलेली नसते, मग खोगीर उथळ होते आणि छपराचा निम्मा गुण जातो.

धुळ्याजवळच्या गोंदूरचे शिल्पकार राम सुतार फ्राय ओटोच्याच वर्षी, १९२५ मध्ये जन्मले. तरुणपणी त्यांनी अजिंठा-वेरूळच्या शिल्पांच्या डागडुजीचे काम केले. २०१८ मध्ये उभा राहिलेला १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा त्यांच्याच कल्पनेतला. हे शिल्पकाम साबणाच्या पडद्याच्या दुसऱ्या टोकाचे आहे, म्हणूनच ते इथे शेजारी ठेवून पाहावेसे वाटते. सरदारांच्या खांद्यावरचे उपरणे आणि धोतराच्या चुण्या पाहा. शरीर फुगीर आणि कापड सपाट, म्हणून कापड उरते आणि त्याच्या घड्या पडतात. लल्लाच्या विरोधात भास्कराचार्यांनी जे उरलेले कापड दाखवले, तेच इथे ब्राँझमध्ये शिल्पकाराचे भांडवल झाले आहे. लघुतम पृष्ठात घडीला जागाच नाही. तिथे काही उरत नाही. म्हणून या पृष्ठांची शिल्पे देखणी असूनही माणसाळत नाहीत, असे माझे मत. माणसाचा पुतळा करायचा तर कापड थोडे जास्तच घ्यावे लागते.

भारतात या विषयावर काम चालू आहे. गणितज्ञ रुक्मिणी डे यांनी २०१६ मध्ये रामानुजनच्या काही नित्यसमानता आणि लघुतम पृष्ठे यांची सांगड घालून त्यातून नव्या नित्यसमानता काढल्या. रामानुजनच्या वहीचा साबणाच्या पडद्याशी असा संबंध निघेल, हे कुणाच्या मनात आले असते?

आणि एक पृष्ठ तर आता आपल्या गावांतही येऊन बसले आहे. नासात काम करणाऱ्या ॲलन शोएनने १९७० मध्ये जायरॉइड जाहीर केला: तिन्ही दिशांना अखंड पुनरावृत्त होणारे, कुठेही सरळ रेषा नसलेले, अवकाशाचे दोन सारखे, एकमेकांत गुंतलेले पण कधीही न भेटणारे चक्रव्यूह करणारे लघुतम पृष्ठ. नंतर तसाच आकार काही फुलपाखरांच्या पंखांच्या खवल्यांत सापडला. त्यांचा हिरवा रंग रंगद्रव्याचा नसून या रचनेचा असतो. थ्रीडी प्रिंटरवर एखादी वस्तू छापताना ती आतून भरीव करायची नसते, जाळी भरायची असते. त्या जाळीच्या प्रकारांच्या यादीत आज जायरॉइड असतो, कारण तो कमी प्लॅस्टिकमध्ये सगळ्या दिशांना जवळजवळ सारखाच भार पेलतो. जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी गिअर छापताना तो एका टिचकीने निवडता येतो. छपाई अर्ध्यावर थांबवून त्याने आत डोकावावे. गिअर पुरा झाल्यावर ते पुन्हा दिसत नाही.