डहाणूची लाल मुंगी नेमकी कुठवरची?

घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाडीत तोडणीला गेलेला माणूस फांदीला हात घालण्याआधी एकदा वर बघून घेतो. फांदीच्या टोकाशी हिरवी पानं एकमेकांना चिकटून त्यांचा गोळा झालेला दिसला, तर तो फळं तोडायचा झेला दुसरीकडे वळवतो. नाही वळवला, तर पुढच्याच क्षणी पानांतून कोरडी खसखस ऐकू येते. घरट्यातल्या शेकडो मुंग्या आपलं पोट पानावर आपटून एकमेकींना सावध करत असतात, त्याचा हा आवाज. मग मनगट, मान, बनियनच्या आत, जिथे मिळेल तिथे चावे. या मुंगीला नांगी नाही. ती जबड्यांनी कातडी धरते, पोट पुढे वाकवते आणि चाव्यावर फॉर्मिक आम्ल सोडते. आग होते ती त्या आम्लाने.

डहाणू-तलासरीत तिला सरसकट लाल मुंगी म्हणतात. दक्षिण कोकणात ती ओंबील, गोव्यात हुमलो. पुस्तकात विणकर मुंगी, आणि शास्त्रीय नाव ओइकोफिला स्मारग्डिना. अच्छाडचा नाका ओलांडून गुजरातेत शिरलं की राज्य बदलतं, मुंगी तीच राहते. तिचा मुलूख श्रीलंका, भारत, नेपाळची तराई, बांगलादेश, म्यानमार, दक्षिण चीन, सारा आग्नेय आशिया, न्यू गिनी, उत्तर ऑस्ट्रेलिया आणि थेट सॉलोमन बेटांपर्यंत पसरलेला आहे. एवढ्या पट्ट्यात राहणारी ही सगळी एकच जात मानायची का, हा वाद तिचं नाव पहिल्यांदा छापलं गेलं तेव्हापासूनचा आहे.

पण त्याआधी ओळख पक्की करायला हवी, कारण ‘लाल मुंगी’ या नावाखाली बरीच गर्दी आहे. अंगणातल्या मातीत वारूळ करून कडकडून डसणारी बारीक लाल मुंगी वेगळी. त्यांतली एक तर मूळची उष्ण अमेरिकेतली, जहाजांबरोबर जगभर पोचलेली. आंब्याच्या फांदीवर चघळलेल्या काडीकचऱ्याचं काळपट घरटं करणारी, बदामी पोटाची मुंगीही वेगळी. विणकर मुंगीची मोठी कामकरी आठ ते दहा मिलीमीटर लांब, तांबूस-पिवळी, लांब पायांची आणि टपोऱ्या डोळ्यांची असते. छाती आणि पोट यांच्यामध्ये कमरेचा एकच लांबट मणी असतो. त्यामुळे तिला पोट सरळ आकाशाकडे उभं करता येतं. बोट जवळ नेलं की ती मागे हटत नाही, पोट उभारून आणि जबडे उघडून तिथेच ठाण मांडते.

आणि पाय मोजावेत. आठ भरले तर तो कोळी. मिरमाप्लाटा नावाचा एक उड्या मारणारा कोळी रंगाने, कमरेने, चालीने हुबेहूब या मुंगीसारखा दिसतो. पुढचे दोन पाय मिशांसारखे हवेत हलवत फिरतो. त्याच्या नराचे जबडे तर इतके पुढे आलेले असतात की एक मुंगी दुसरीला तोंडात धरून चालली आहे असं वाटावं. चावऱ्या मुंगीला पक्षी आणि इतर शिकारी सहसा तोंड लावत नाहीत, त्या धाकाचा हा फायदा.

घरटं बांधायचं काम बघण्यासारखं असतं. एक मुंगी पानाची कड पायांनी पकडते आणि शेजारच्या पानाकडे झेपावते. अंतर जास्त असेल तर दुसरी येऊन पहिलीची कंबर धरते, तिची तिसरी, अशी साखळी होते. अशा कितीतरी साखळ्या एकाच वेळी मागे ओढतात, तेव्हा चिकूचं जाड, चिवट पानही वाकतं. कडा जुळल्या की आतून दुसऱ्या कामकरी तोंडात एकेक अळी धरून येतात. या मुंगीला स्वतःला रेशीम काढता येत नाही. ते अळीच्या तोंडातून येतं. कामकरी मिशांनी अळीला चाळवते, तिचं डोकं एका पानाच्या कडेला टेकवते, मग दुसऱ्या, पुन्हा पहिल्या. विणकराच्या हातातला धोटा फिरावा तशी अळी फिरते आणि मागे पांढरा पापुद्रा तयार होतो. अळीचं रेशीम असं घरावर खर्च होतं, म्हणून या जातीत कोष विणलाच जात नाही. कोशितावस्था उघडीच पार पडते. लहान मुलांना कामाला लावून उभी राहिलेली एवढी मोठी वसाहत प्राणिसृष्टीत क्वचितच दिसेल.

आता नावाकडे. १७७० साली कॅप्टन कुकबरोबर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर उतरलेल्या जोसेफ बँक्सने पानं वाकवून घर करणाऱ्या हिरव्या मुंग्यांबद्दल रोजनिशीत लिहून ठेवलं. पाच वर्षांनी डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फॅब्रिशियसने आपल्या ग्रंथात भारतातून आलेल्या पाचूसारख्या हिरव्या राणीवरून ‘स्मारग्डिना’ ही जात नोंदवली, आणि त्याच ग्रंथात ऑस्ट्रेलियातल्या हिरवट कामकरीला ‘व्हिरेसेन्स’ असं वेगळं नाव दिलं. हिरवेपणा दोन्हीकडे, पण इकडे राणीचा, तिकडे कामकऱ्यांचा. आपल्याकडच्या कामकरी लाल असतात, राणी मात्र हिरवीच. ओइकोफिला ही स्वतंत्र प्रजाती फ्रेडरिक स्मिथने १८६० मध्ये वेगळी काढली. पुढे रंगाच्या छटांवरून बेटाबेटाच्या उपजाती पाडल्या गेल्या, आणि नंतरच्या अभ्यासकांनी त्यांतल्या बऱ्याच पुन्हा एका नावाखाली घातल्या. आज जिवंत जाती दोनच मानतात: आशिया-ऑस्ट्रेलियाची स्मारग्डिना आणि सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेतली लाँजिनोडा.

पश्चिम भारतातल्या मुंग्यांची शिस्तीत नोंद झाली ती मुंबईतून. साताऱ्यात जन्मलेला, मीठ आणि जकात खात्यात नोकरी करणारा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांपैकी एक. त्याने लाल मुंग्यांच्या घरट्यांवर सोसायटीच्या नियतकालिकात १८९० साली टिपण लिहिलं. वनखात्यातला रॉबर्ट रॉटन मुंग्या गोळा करून स्वित्झर्लंडला ऑग्युस्त फोरेलकडे धाडायचा. फोरेल पेशाने मनोविकारतज्ज्ञ, झुरिकच्या वेड्यांच्या इस्पितळाचा प्रमुख. पण हिंदुस्थान-सिलोनच्या मुंग्यांवरची त्याची लेखमाला १८९२ पासून मुंबईच्याच नियतकालिकात, फ्रेंचमध्ये, छापून आली. या सगळ्याच्या आधारावर चार्ल्स बिंगहॅमने १९०३ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातल्या मुंग्यांचा ग्रंथ सिद्ध केला. हे काम नोकरी सांभाळून, हौसेने झालं, आणि अजून उपयोगी पडतं. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत भारतातल्या मुंग्यांच्या ८२८ जाती-उपजाती आहेत. त्यांतल्या कितीतरी नावांपुढे फोरेलचं नाव दिसतं.

रंग आणि मोजमापं यांवर न सुटलेला प्रश्न जपानी संशोधकांनी डीएनएकडे नेला. अझुमा आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ठिकठिकाणच्या विणकर मुंग्यांच्या मायटोकाँड्रियातल्या जनुकांची तुलना केली, तेव्हा स्मारग्डिनाचे सात गट पडले. फिलिपाईन्स, फ्लोरेस, सुलावेसी, हाल्माहेरा यांचा प्रत्येकी एक. न्यू गिनी-ऑस्ट्रेलियाचा मिळून एक. बेटं समुद्राने तोडलेली, त्यामुळे यात नवल नाही. नवल पुढे आहे. भारतातले नमुने एका गटात बसले, पण पश्चिम बंगालचे त्यात आले नाहीत. ते इंडोचीन, मलाया, सुमात्रा, बोर्निओ यांच्या गटात गेले. म्हणजे रक्ताच्या नात्याने बंगालच्या आंब्यावरची मुंगी बँकॉकच्या मुंगीला जवळची, भारताच्या इतर भागांतल्या मुंगीला दूरची. मधे समुद्र नाही, उंच डोंगररांग नाही, आणि तरी कुठेतरी सीमा आहे. वर्गीकरणात नाव अजून एकच आहे, आणि माझ्या मते ते तूर्त तसंच राहावं: एवढ्या एका पुराव्यावर सात नावं केली तर एकोणिसाव्या शतकातल्या उपजातींचाच गोंधळ पुन्हा होईल. पण नकाशावर एकच रंग फासून मोकळं होण्याचे दिवस संपले, हेही खरं.

भूतकाळातला नकाशा तर याहून वेगळा होता. या प्रजातीचे जीवाश्म बाल्टिक अंबरमध्ये, जर्मनीत मेसेलला, इंग्लंडजवळच्या आइल ऑफ वाइटवर सापडले आहेत; इओसीन काळातला युरोप इतका उबदार होता. केनियात व्हिक्टोरिया सरोवरातल्या म्फांगानो बेटावर तर लीकी दांपत्याच्या शोधमोहिमांत एक अख्खी वसाहतच दगडात गाडलेली मिळाली. एडवर्ड विल्सन आणि रॉबर्ट टेलर यांनी १९६४ मध्ये त्यातल्या साडेतीनशेहून जास्त मुंग्या तपासल्या, तेव्हा मोठ्या आणि लहान कामकऱ्यांची आजच्यासारखीच विभागणी त्यांत दिसली. पुढे हवा थंड आणि कोरडी होत गेली तशी ही मुंगी उष्ण पट्ट्यात आकसली. आज आफ्रिकेतली बहीण आणि आपल्याकडची ही, यांच्यामध्ये अरबस्तान-इराणचा कोरडा टापू आहे.

कोरडेपणा आणि पानझड, तिची खरी कुंपणं हीच. डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतला फरक त्यातून कळतो. डहाणूच्या किनारपट्टीवर चिकू, आंबा, काजू, जांभूळ बारमाही हिरवे. एका झाडाच्या फांद्या दुसऱ्यात गेलेल्या, त्यामुळे जमिनीवर न उतरता वाडीभर फिरता येतं. तलासरीच्या अंगाने डोंगराकडे चढत गेलं की सागाची आणि ऐनाची झाडं उन्हाळ्यात उघडी पडतात. पानांचं घर करणाऱ्या जिवाला पान गळालं की घर गेलं. मग आसरा उरतो तो ओढ्याकाठच्या करंज-जांभळांचा आणि पाड्यातल्या आंब्यांचा.

एका वसाहतीला राणी बहुधा एकच, पण घरटी शंभरावर आणि झाडं डझनभर असू शकतात. मोठ्या वसाहतीत पाच लाखांपर्यंत कामकरी. सरहद्दीवरच्या घरट्यांत म्हाताऱ्या कामकऱ्यांची भरती असते. शेजारची वसाहत भिडली की आधी त्या मरतात. दोन वसाहतींच्या मधली झाडं पुष्कळदा कुणाचीच नसतात, आणि वाडीत लाल मुंग्या अमुक झाडावर आहेत, शेजारच्यावर नाहीत, हे कोडं तिथेच सुटतं.

‘डहाणू घोलवड चिकू’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच बागेतल्या या मुंगीकडे मात्र अजून तोडणीतली अडचण म्हणूनच बघितलं जातं. फवारणीने ती जाते आणि कुणाला वाईट वाटत नाही. दक्षिण चीनमध्ये लिंबूवर्गीय बागांत कीड आवरायला हिचीच घरटी बाजारात विकत मिळत, अशी नोंद इ. स. ३०४ च्या सुमाराची आहे. पश्चिम आफ्रिकेत बेनिनमधल्या आंब्याच्या बागांत जिथे विणकर मुंग्या भरपूर, तिथे फळमाशीचं नुकसान कमी, असं पॉल व्हॅन मेले यांच्या गटाने २००७ मध्ये दाखवलं. मुंगी माशीला पकडते ते थोडंच; तिच्या वावराची खूण असलेल्या फळावर माशी अंडी घालायचंच टाळते. फळमाशी आपल्याकडे चिकूवरही येते. अर्थात मुंगी काही फुकट राखण करत नाही. गोड स्रावासाठी ती पिठ्या ढेकूण आणि खवले किडी पाळते, आणि फळाच्या बीत शिरलेल्या अळीपर्यंत तिचा हात पोचणार नाही.

ऑस्ट्रेलियात डार्विनजवळच्या आंबा-काजूच्या बागांत रेनकांग पेंग आणि कीथ ख्रिश्चन यांनी वर्षानुवर्षं हे तंत्र बसवलं. तिथला पहिला धडा सीमेचाच होता. दोन वसाहती भिडल्या की मुंग्या किडी सोडून आपसात लढतात, बाग उघडी पडते. म्हणून एकाच वसाहतीची झाडं दोरीने जोडायची आणि परक्या वसाहतीच्या फांद्या एकमेकींना लागणार नाहीत अशा छाटायच्या. डहाणूत जुन्या चिकूंच्या फांद्या एकमेकांत घुसून वाडीत ऊन पोचेनासं झालेलं असतं, आणि छाटणीचा सल्ला बागायतदारांना तसाही मिळतोच. फरक इतकाच की फांदी कुठली तोडायची हे ठरवताना कोणतं झाड कोणत्या वसाहतीचं, तेही आधी पाहून ठेवावं लागेल.