आई शांत झाल्या, पण...

दिवेलागण झाली की आमच्या सासूबाई पिशवी भरून दारात उभ्या राहायच्या. ‘मला घरी सोड गं, माझी आई वाट बघतेय!’ जेवणाचं ताट ढकलून द्यायच्या, रात्रभर येरझाऱ्या घालायच्या. स्मृतिभ्रंश होऊन तीन वर्षं झाली होती. दोन महिन्यांच्या जागरणानंतर मीच डॉक्टरांना म्हटलं, ‘काहीतरी द्या हो, आता सहन होत नाही.’ त्यांनी रात्री घ्यायची एक गोळी लिहून दिली.

आई शांत झाल्या. शेजारणी म्हणाल्या, ‘सुटलीस बाई!’ पण महिनाभरात त्या दिवसाही पेंगायला लागल्या, पाय ओढत चालायला लागल्या आणि एका सकाळी बाथरूममध्ये पडल्या. हाड मोडलं नाही, हे नशीब.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी सगळ्या औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करायला लावली. मग आईंना तोंड उघडायला सांगितलं. कवळीखाली केवढी जखम! ताट ढकलायचं कारण ते होतं. सांगायला शब्द उरले नव्हते, इतकंच.

पुढे मी याविषयी मिळेल ते वाचलं. आईंना दिलेली गोळी अँटिसायकोटिक प्रकारातली. या गटातल्या नव्या औषधांबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच इशारा दिला होता. १७ चाचण्यांत, साधारण दहा आठवड्यांच्या काळात, औषध घेणाऱ्या स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांत मृत्यूचं प्रमाण सुमारे ४.५ टक्के होतं, तर औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांत २.६ टक्के. २००८ मध्ये हा इशारा जुन्या औषधांनाही लागू झाला. ब्रिटनमध्ये २००९ साली प्रा. सुबे बॅनर्जी यांनी सरकारला अहवाल दिला : वर्षाला सुमारे १ लाख ८० हजार रुग्णांना ही औषधं मिळतात, फायदा जेमतेम ३६ हजारांना होतो आणि अंदाजे १,८०० मृत्यू जास्तीचे होतात.

याउलट नॉर्वेतल्या १८ शुश्रूषागृहांत ३५२ रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांच्या दुखण्यावर आठ आठवडे पद्धतशीर उपचार केले. बहुतेकांना साधं पॅरासिटामॉल! त्यांची अस्वस्थता १७ टक्क्यांनी घटली. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

म्हणून गोळी वाईटच असं नाही. भयंकर भास होत असतील, कुणाला इजा व्हायची भीती असेल, तर ती लागते. पण कमी मात्रेत, थोडे दिवस. आणि मैत्रिणींनो, हे वाचून उद्याच गोळी बंद करू नका. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायची असते. त्यांना एवढं जरूर विचारा : ही कशासाठी, किती दिवस, कमी कधी करायची? त्याआधी घरी बघा, कुठे दुखतंय का, पोट साफ होतंय का, लघवीला जळजळ आहे का, चष्मा आणि कानाचं यंत्र जागेवर आहे का.

खरं सांगू? झोप आईंपेक्षा मला हवी होती. त्याची लाज वाटायचं कारण नाही, पण त्यावरचा उपाय आईंच्या पोटात घालायचा नव्हता. म्हणून आता आमच्या मंडळातल्या बायका आळीपाळीने अशा घरी संध्याकाळी तासभर जाऊन बसतात. आजींपुढे शेंगा सोलायला ठेवतात, गप्पा मारतात. तेवढ्यात घरची सून पाठ टेकते.

तुमच्या शेजारीही असं एखादं घर असेल. दार वाजवून तर बघा!